लाइट आली तरी पंप फिरत नाही: खाऱ्या टँकच्या वेव्हमेकरचं दर दोन महिन्यांचं दुखणं

मागच्या मे महिन्यात दुपारी तीनला लाइट गेली, पाचच्या सुमारास आली, पंखा सुरू झाला, फ्रिज सुरू झाला, माझ्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टँकमधला एक वेव्हमेकर (आतलं पाणी फिरवत ठेवणारा पंप) सुरू झाला आणि दुसरा नुसता हुंऽऽऽ करत बसला. हे काय पहिल्यांदा नव्हतं. दर दोन-अडीच महिन्यांनी हेच. मग काय करायचो, तर हात घालून पंपाच्या पंख्याला बोटाने ढकलायचं, की फिरायला लागायचा, आपण खूश, आणि दोन आठवड्यांनी परत तेच. शेवटी वैतागून फेकायचा आणि नवीन आणायचा. असे चार पंप मी फेकले आणि आता लिहायला लाज वाटते पण त्यातले निदान दोन तरी चांगले होते, मीच गाढव होतो.

ज्यांचा पंप असा वारंवार बंद पडतो, घरघर करतो, किंवा प्रवाह हळूहळू कमी होत जातो, त्यांनी नवीन घ्यायच्या आधी हे वाचा. आणि नवीन घ्यायचाच असेल तर काय बघून घ्यायचा तेही खाली आहे.

आधी माझा टँक सांगतो म्हणजे आकडे कळतील. जुळे सोलापूर, दुसरा मजला, हॉलची भिंत पश्चिमेची (ही पहिली चूक, पण भाड्याच्या घरात भिंत निवडता येत नाही). चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे कागदावर दोनशे पंचावन्न लिटर, दगड-वाळू वजा जाता खरं पाणी दोनशेच्या आसपास. खाली कॅबिनेटमध्ये संप आहे, गिरणीतला नाही, पाण्याचा, म्हणजे खालची दुसरी टाकी, तिच्यातलं पाणी रिटर्न पंप परत वर टँकमध्ये चढवतो. दोन क्लाउनफिश, एक डॅमसल, एक क्लीनर श्रिंप, आणि मऊ प्रवाळ, म्हणजे लेदर, मशरूम, झोआ असले. दगडी प्रवाळ मी ठेवत नाही, ते आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, कोणी कितीही गोड बोलून विकत असला तरी त्या भानगडीत पडू नका. मासे मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यात रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने येतात. पाणी मात्र समुद्राचं नाही, सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात, मुंबईचा समुद्र इथून चारशे किलोमीटरवर आहे, आपण आरओच्या पाण्यात मीठ कालवतो, लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशोबाने, आणि ते खायचं मीठ नव्हे.

तर त्या दिवशी मी पंप हातात घेऊन जिन्यात बसलो होतो. शेजारचे अण्णा वर येत होते. अण्णांनी तीस वर्षं पॉवरलूमवर जॉबरचं काम केलंय, माग बिघडला की आवाजावरून सांगायचे कुठं बिघडलाय ते. मला म्हणाले, "काय करूलालास बे इथं उन्हात?" मी म्हटलं, अण्णा, मोटर जळली वाटतं. त्यांनी पंप घेतला, कानाशी नेला, हलवला, मग पंख्याची पाती दोन बोटांत धरून इकडून तिकडे फिरवली आणि म्हणाले, "नवा आहे का असलाच दुसरा? आण की." मी टँकमधला चालू असलेला काढून आणला. तोही तसाच फिरवून बघितला आणि दोन्ही माझ्या हातात दिले, "आता तूच बघ, काय फरक हाय."

फरक होता. चालू पंपाची पाती हाताने फिरवली की आधी जवळपास अर्धा फेरा मोकळी, ढिली फिरत होती आणि मग आतला चुंबक तिच्याबरोबर ओढला जात होता. बंद पडलेल्याची पाती आणि चुंबक एकदम एकजीव, ढिलेपणा शून्य. मी तीन वर्षं समजत होतो की ढिलं असणं म्हणजे खराब! अण्णा म्हणाले, "तो ढिला असायलाच पाहिजे, त्याला धावायला जागा पाहिजे का नको."

आणि खरंच तसंच आहे. हे साधे एसी पंप म्हणजे आत एक गोल चुंबक, बाहेर कॉइल. ५० हर्ट्झवर सेकंदाला पन्नास वेळा बाहेरचं क्षेत्र उलटसुलट होतं आणि चुंबकाला थांबलेल्या अवस्थेतून एकदम तो वेग पकडायचा असतो. या मोटरला सुरुवातीचा जोर फार कमी असतो. पातीचं वजन आणि पाण्याचा दाब पहिल्याच क्षणी अंगावर आला तर चुंबक जागच्या जागी थरथरतो, तोच तो हुंऽऽऽ. म्हणून पाती आणि चुंबकाच्या मधे मुद्दाम ढिली जागा ठेवलेली असते, चुंबक आधी एकटा थोडा फिरतो, झटका घेतो आणि मग पातीला ओढतो. त्या जागेत क्षार भरला की ढिलेपणा गेला, ढिलेपणा गेला की स्टार्ट गेला. चालू असेपर्यंत चालतो, एकदा थांबला की संपलं. म्हणूनच पंप "लाइट गेल्यावर" बिघडतो. तो बिघडलेला आधीपासूनच असतो, लाइट जाते तेव्हा फक्त आपल्याला कळतं.

आता तपासायचं कसं. प्लग काढा आधी. बंद नव्हे, काढा. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगला वीजवाहक आहे आणि मी तीन वर्षं चालू पंपात बोट घालत होतो, घरच्यांना हे सांगू नका.

प्लग लावल्यावर हुं करतो पण फिरत नाही, म्हणजे कॉइल जिवंत आहे, आत अडकलंय किंवा व्होल्टेज कमी आहे. अजिबात आवाज नाही, थरथर नाही, म्हणजे वायर तुटली किंवा वाइंडिंग गेलं, तिथं विषय संपला, हे पंप राळेत सीलबंद असतात, वाइंडिंगवाल्याकडे नेऊन उपयोग नाही, मी नेला होता, तो हसला. फिरतो पण खडखडतो, तर दांडीच्या टोकाचे रबरी बुश झिजलेत नाहीतर सिरॅमिकची दांडी तुटलीय. फिरतो, आवाज करतो आणि पाणी मागे ढकलतो, म्हणजे उलटा सुरू झालाय, स्वस्तातल्या पंपात दिशा ठरवणारा खटका झिजला की असं होतं, प्लग काढून परत लावला की कधीकधी सुलटा होतो, पण वारंवार होत असेल तर पाती बदला. आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे नीट फिरतो, आवाज नाही, पण प्रवाह कमी. तिथं बहुतेक वेळा जाळीवर शेवाळ नाहीतर पात्यांवर जांभळा-गुलाबी थर असतो, बाकी काही नाही.

अडकलेला उघडायचा तर पुढची जाळी अर्धा फेरा फिरवली की निघते, पाती सरळ बाहेर ओढायची, तिच्या मागून चुंबक येतो. दांडी सिरॅमिकची असते, पांढरी, काडीएवढी, आडवा जोर लागला की कट् करून तुटते, मी दोन तोडल्यात. तिच्या जागी कोणी स्टीलची दांडी घालून देतो म्हणाला तर नाही म्हणा, खाऱ्या पाण्यात आठवड्यात गंज. दोन्ही टोकांना मुगाएवढे रबरी बुश असतात, ते बेसिनच्या जाळीतून गेले की गेले, सिंकमध्ये धुवायचं नाही, पातेल्यात धुवायचं.

मग एका लहान बादलीत निम्मं किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि निम्मं पाणी. सुटे भाग त्यात टाकले की लगेच बारीक बुडबुडे यायला लागतात, ते आले म्हणजे क्षारच होता हे पक्कं. व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्त्व, लिटरला एक मोठा चमचा, तेच काम करतं आणि घरात लोणच्यासारखा वास पण सुटत नाही. तासभर ठेवायचं, जास्तच चिकट असेल तर रात्रभर. मग जुना टूथब्रश, आणि चुंबक बसतो त्या भोकात कानकाडी घालून गोल फिरवायची, तळाशी वाळूचे कण असतात ते विसरू नका. साध्या पाण्याने खळखळून धुवा आणि बादलीतच चालवून बघा. माझे त्यावेळी पातीच्या मागच्या खाचेतून निघालेले क्षाराचे तुकडे कागदावर ठेवले होते, गव्हाच्या दाण्याच्या निम्मे असतील, चार तुकडे. चार तुकड्यांसाठी चार पंप.

साफ केलात आणि दोन महिन्यांत परत तेच, तर मग मूळ कारण बघा, नुसतं धुत बसू नका.

क्षार तिथेच का साचतो हे सोलापूरच्या माणसाला सांगायला नको, गिझरची कॉइल काढून बघितलीय प्रत्येकाने. कॅल्शियम कार्बोनेट साखरेच्या उलट वागतं, पाणी गरम झालं की कमी विरघळतं. टँकमधली सगळ्यात गरम जागा कुठली, तर पंपाच्या मोटरच्या आतली, चुंबकाभोवतीची. म्हणून काच स्वच्छ आणि पंप दगड. त्यात मी दोन उद्योग करत होतो. एक म्हणजे उन्हाळ्यात रोज पाणी उडतं, चार-चार लिटर, आणि आरओचं पाणी संपलं की बोअरचं ओतायचो, "थोडंसं चालतंय" म्हणत. माझं बोअर टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) ११०० दाखवतं. पाणी उडतं पण त्यातला क्षार उडत नाही, तो टँकमध्येच राहतो, आणि रोज भर पडत राहते. केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) मोजला तर १३ निघाला, आठ-नऊ हवा होता. दुसरा उद्योग म्हणजे खाण्याच्या सोड्याचं बफर (केएच टिकवायचं द्रावण) पंपाच्या तोंडाशी ओतायचो, का तर लगेच मिसळेल म्हणून. ते तिथल्या तिथं दाट असताना आत ओढलं जायचं आणि गरम जागेवर थर धरायचं. आता भर फक्त आरओ-डीआयच्या (आरओनंतर उरलासुरला क्षारही काढलेल्या) पाण्याची, आणि बफर संपमध्ये, रिटर्न पंपापासून लांबच्या कप्प्यात, ग्लासभर पाण्यात विरघळवून हळूहळू. एवढ्या दोन बदलांनी साफसफाई दोन महिन्यांवरून चार-पाच महिन्यांवर गेली. पंप तोच.

व्होल्टेजचं दुखणं वेगळं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये रात्री नऊ ते बारा, सगळ्या बिल्डिंगचे कूलर-एसी चालू, तेव्हा मीटर लावून बघितलं तर १८५, एकदा १७८. आधीच जोर कमी असलेली मोटर, त्यात दाब कमी, स्वच्छ पंप पण अशा वेळी सुरू होत नाही. तेव्हा पंप बंद पडला तर आधी मल्टिमीटर बघा, मग पंपाला शिव्या घाला.

आणि इन्व्हर्टर. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. जुना इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा होता, म्हणजे घरच्या लाइटसारखी गुळगुळीत लहर (साइन वेव्ह) न देणारा, त्यावर पंखा गुरगुरतो तसाच पंपही गुरगुरतो, पण पंखा हवेत आहे, पंप पाण्यात, त्याची गुरगुर म्हणजे उष्णता. हात लावला तर चहाच्या कपासारखा गरम. आपण समजतो लाइट नव्हती तरी पंप चालू होता, वा, आणि तिकडे आत क्षार भाजून निघत होता. साइन वेव्हवर घेतल्यापासून हा प्रश्न संपला. बदलायचा नसेल तर इन्व्हर्टरवर एसी पंप लावूच नका, त्याऐवजी बॅटरीवरचा एअर पंप ठेवा, लाइट गेली की आपोआप सुरू होणारा. मासे वाचवायला पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला तरी पुष्कळ आहे. खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा मुळातच अठरा-वीस टक्के ऑक्सिजन कमी मावतो, आणि पाणी तापलं की अजून कमी, म्हणून आपल्याकडे मेमध्ये तीन तास लाइट जाणं आणि जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) थंडीत तीन तास लाइट जाणं सारखं नसतं.

आता माझी सगळ्यात महागडी चूक. पंप वारंवार बंद पडतोय म्हणजे तो "कमी पडतोय" असं मला वाटलं, आणि मी मोठा आणला. खोक्यावर भला मोठा एलपीएचचा (तासाला किती लिटर) आकडा, ६० वॅटचा रिटर्न, शिवाय बारा-बारा वॅटचे दोन वेव्हमेकर. चौऱ्याऐंशी वॅट, म्हणजे दिवसाला दोन युनिट वीज. पंप पाण्यात बुडालेला असतो तेव्हा ही सगळी वीज शेवटी पाण्यातच उष्णता होऊन राहते, जाणार कुठं. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण दोन तृतीयांश युनिट उष्णता घेऊन जातं, म्हणजे नुसती पंपांनी घातलेली उष्णता बाहेर काढायला रोज तीन लिटर पाणी उडायला लागतं, आणि ते तीन लिटर आरओचं, ज्याच्यामागे दुप्पट-तिप्पट पाणी मोरीत जातं, आणि आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. आई रोज ती बादली बघायची आणि काही बोलायची नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट.

टँक साडेएकतीस अंशांवर गेला. लेदर आठ दिवस मिटून बसला. एका बाजूची वाळू उडून काच उघडी पडली आणि दुसऱ्या कोपऱ्यात ढिगारा, त्या ढिगाऱ्यावर लाल शेवाळाची चादर. म्हणजे आकडा मोठा आणि तरी कोपरा मेलेला. कारण रिटर्नसारख्या सेंट्रिफ्यूगल पंपाची धार म्हणजे नळीच्या तोंडावर अंगठा दाबल्यासारखी, बारीक आणि जोरात, समोरचं उडवते आणि बाजूचं तसंच राहतं. वेव्हमेकरची पाती टेबलफॅनसारखी, रुंद आणि सावकाश. फिरवायला वेव्हमेकर, वर चढवायला रिटर्न, ही दोन कामं वेगळी आहेत आणि एका पंपाकडून दोन्ही करून घ्यायला गेलात की माझ्यासारखं होतं.

तर निवडायचा कसा. टँकच्या आत फिरणारं पाणी मऊ प्रवाळांना आणि माशांना तासाला टँकच्या दहा ते वीस पट पुरतं. माझ्या दोनशे लिटरला म्हणजे दोन ते चार हजार एलपीएच. यात रिटर्नचं धरू नका, रिटर्नला तीन ते पाच पट भरपूर. आणि चार हजाराचा एक घेण्यापेक्षा दोन हजाराचे दोन घ्या, दोन टोकांना, आलटून पालटून चालणारे. एक अडकला तर दुसरा सकाळपर्यंत मासे जिवंत ठेवतो, माझ्याकडे हे दोनदा झालंय.

रिटर्नच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, म्हणजे पाणी वर चढवायचंच नाही अशा वेळचा. माझ्यावर लिहिलंय ३०००. संपपासून टँकच्या तोंडापर्यंत सव्वा मीटर, दोन एल्बो, अर्धा इंची पाइप. वरच्या तोंडाशी पंधरा लिटरची बादली धरली, मोबाइलवर वेळ लावली, पंचेचाळीस सेकंदांत भरली, म्हणजे तासाला बाराशे. खोक्यावर बारीक अक्षरात कमाल हेड (पंप जास्तीत जास्त किती उंच पाणी चढवतो) लिहिलेलं असतं ते बघा, तुम्हाला पाणी चढवायची उंची त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल तर तो पंप तुमचा नाही. आणि पाइप जाड टाका, फुकटचा प्रवाह मिळतो.

आता शक्यतो डीसी घ्या. महाग आहेत, दीडपट-दुप्पट, पण वेग कमी-जास्त करता येतो, हळू सुरू होतात म्हणून अडकायचं प्रमाण कमी, पाण्यात २४ व्होल्टच जातात, आणि कमी वॅट खातात. माझा रिटर्न आता बावीस वॅटवर चालतो आणि वेव्हमेकर दहा-दहावर, बेचाळीस वॅट, बरोबर निम्मे, आणि परवाच्या एप्रिलमध्ये संपवर एक लहान पंखा लावून टँक साडेसत्तावीसवर राहिला. (पंखा कोरड्या हवेतच कमाल करतो, पावसाळ्यात त्याच्यावर फार विसंबू नका.) अॅडॉप्टर मात्र बंद कॅबिनेटमध्ये कोंबू नका, तिथं मीठ चढतं आणि तो तापतो, बाहेर भिंतीला लावा.

पैसा असेल तर जर्मनीच्या ट्युन्झचे किंवा व्होर्टेक. व्होर्टेकची मोटर काचेच्या बाहेर असते, आत फक्त पाती, चुंबकाने धरलेली, म्हणजे मोटरची बरीचशी उष्णता बाहेरच्या हवेत. आपल्या हवामानाला कल्पना उत्तम आहे, माझ्या खिशाला नाही.

दुकानात काय करायचं तर दोनच गोष्टी, आणि दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी करायच्या. एक, त्याला पंप उघडून दाखवायला सांगा. पाती-चुंबक हाताने, पाना-पेचकसाशिवाय बाहेर आला पाहिजे, आणि पाती-चुंबक-दांडी सुटी मिळते का ते विचारा. न उघडणारा पंप सोलापुरात घेऊ नका. दोन, बादलीत चालू करा, मग प्लग खेचा, दहा सेकंद थांबा, परत लावा. असं पाच वेळा. काही डीसी कंट्रोलर लाइट आल्यावर बंदच राहतात, बटण दाबेपर्यंत सुरूच होत नाहीत, आणि तुम्ही ऑफिसात असता. मी असा एक घेऊन बसलो होतो, खोक्यावर चौदा मोड लिहिले होते, लाटा, भरती-ओहोटी, रात्र, सगळं होतं, फक्त लाइट आल्यावर सुरू व्हायचं नव्हतं.

अमेरिकेहून कोणी भाऊ-मेहुणा पंप आणतो म्हणाला तर एसी पंप आणायला लावू नका. तिकडे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. आपल्या २३० वर लावला की चार सेकंदांत जळका वास, मी वास घेतलाय. डीसी असेल तर अॅडॉप्टरवर १००-२४० लिहिलेलं बघा, मग चालतो. आणि एखाद्या एसी पंपाच्या खोक्यावर प्रवाह ६० हर्ट्झचा दिला असेल तर ५० ला मोटर सहापैकी पाच फेरेच मारते, त्या मानाने धरा.

कूलरचा पंप टाकून बघावा का, तर नाही. मी टाकला होता, सुरुवातीला, घरात पडलेला होता म्हणून. स्क्रू गंजले, पाणी पिवळं झालं, संपलं.

लाइट गेल्यावरचं अजून एक, हे पंपाचं नाही पण पंपामुळेच होतं. रिटर्न थांबला की वरचं पाणी त्याच पाइपमधून उलटं खाली यायला लागतं, सायफन होतं, आणि संप भरून वाहतो. नॉन-रिटर्न वाल्व्हवर भरवसा ठेवू नका, त्यात गोगलगाय, मीठ, काहीही अडकतं. पाइपला पाण्याच्या पातळीच्या अर्धा इंच खाली एक बारीक भोक पाडा, पातळी तिथवर आली की हवा घुसते आणि सायफन तुटतं. ते भोक महिन्यातून एकदा काडीने साफ करा. माझ्याकडे नव्हतं तेव्हा रात्री दोन वाजता हॉलभर पाणी, आणि आईने हाताला आल्या त्या दोन चादरी टाकून टिपलं. सोलापुरी चादर किती पाणी पिते हे मला त्या रात्री कळलं, आणि वाळल्यावर मिठाने किती ताठ उभी राहते हेही.

वायरला प्लगच्या खाली एक लोंबता वळसा ठेवा, पाणी ओघळलं तर वळशावरून खाली टपकतं, प्लगात जात नाही. आणि टँकच्या लाइनला आरसीसीबी (वीज गळायला लागली की आपोआप पडणारा स्विच) बसवून घ्या, अर्थिंग तपासून घ्या, यावर वाद घालू नका. माझा एक जुना पंप तपासायला म्हणून लावला आणि आरसीसीबी लगेच पडला, म्हणजे आतून गळत होता, आणि त्याच पंपात मी दोन वर्षं बोट घालत होतो.

आता माझं चाललंय ते असं. दर अमावास्येला एक वेव्हमेकर काढून बादलीत टाकतो, पुढच्या अमावास्येला दुसरा, म्हणजे प्रत्येकाची पाळी दोन महिन्यांनी येते आणि टँक कधी पूर्ण थांबत नाही. अमावास्या एवढ्यासाठी की कॅलेंडरवर काळी दिसते आणि आई आठवण करते. बाहेर काढला की आधी अण्णांची तपासणी, पाती दोन बोटांत धरायची, अर्धा फेरा मोकळी फिरते का बघायचं. फिरली तर नुसता टूथब्रश, नाही फिरली तर व्हिनेगर. दर महिन्यात एकदा मुद्दाम मेन स्विच पाडून बघतो, सगळे पंप परत उठतात का, संप किती भरतो. परवा पाडला तर तिन्ही उठले, फक्त डाव्या कोपऱ्यातला वाळूचा ढिगारा अजून आहे, त्यावर लाल शेवाळ परत यायला लागलंय. उजवा वेव्हमेकर दोन बोटं खाली घेऊन थोडा काचेकडे वळवून बघितलाय. क्लाउनफिशला ते पटलेलं नाही, ती रोज त्याच कोपऱ्यात शेपटीने वाळू उडवून घर करते आणि माझ्यापेक्षा चांगला प्रवाह काढते.